मोजदाद

खालच्या स्टेशनात माझं काम एवढंच:
माणसं मोजायची, दार लावायचं,
घंटा दोनदा दाबायची.
वरून मेराब एकदा दाबतो. ऐकलं.
मग दोर ताणतो
आणि पत्र्याचा पाळणा नदीवरून निघतो.
चियातुराची नदी, मँगनीजच्या धुळीनं काळी.

आठ माणसं. नववं चढवायचं नाही.
पाटीवर लिहिलंय, जॉर्जियनमध्ये आणि रशियनमध्ये,
दोन्हींचा रंग सारखाच उडालाय.

मार्चमध्ये दिवस गेले.
एक्केचाळिसाव्या वर्षी.
नवरा सहा वर्षं पोलंडात ट्रक चालवतो,
पैसे दर महिन्याला येतात,
तो दोन वर्षांतून एकदा.
हिशेब कुणालाही जमला असता,
शेजारच्या नारगिझाला तर बोटंही लागली नसती.

डोहाळे हिरव्या आलुबुखारांचे.
जिन्यात उभं राहून, मीठ लावून,
दात आंबेपर्यंत.
बिया खिशात ठेवायचे.
अजून सापडतात एप्रनच्या शिवणीत.

आईला सांगितलं. ती गेल्या सालचे अक्रोड फोडत होती.
हातोडी थांबली नाही.
"मी चारदा गेले," म्हणाली,
"सकाळी जायचं, दुपारच्या पाळीला परत.
तेव्हा दुसरं होतं काय?
डॉक्टरीण सिगारेट ओढायची. चांगली होती."
मग बोटं दुमडत मोजू लागली:
तू, गिया,
मग...
आणि टरफलं गोळा करून चुलीत टाकली.

मी कुतायसीची तारीख घेतली. गुरुवार.
पैसे पाकिटात, पाकीट पिठाच्या डब्यात.
निर्णय माझा होता, नीट घेतलेला.
गॅस बंद आहे ना
हे दोनदा बघून झोपावं, तसा.

मंगळवारी सकाळी सात जण चढले.
शाळेची तीन पोरं, दोन खाणकामगार,
पाववाली एलिसो,
एक म्हातारा, पिशवीत कोंबडी.
मलाही वर जायचं होतं, चाकाचं ग्रीस घेऊन.
पाय आत ठेवला, मोजलं:
सात, आठ, नऊ.
उतरले.

"काय झालं गं?"
"वजन जास्त होतंय."
"आठच तर होतो," एलिसो म्हणाली,
आणि कोंबडीकडे बघितलं.

बुधवारी रात्री ते आपणहून गेलं.
न्हाणीची फरशी गार होती.
पलीकडे मुलगी फोनवर हसत होती,
थांबून थांबून,
जसं कुणी गोड बोलत असलं की हसतात.
मी टॉवेल दातात धरला.
तिला आत्ताच कळायला नको होतं
हसण्याचं पुढे काय काय होतं ते.

त्या पैशांत तिचा चष्मा आला.

जे मी जाऊ देणारच होते
त्याच्यासाठी रडायचं की नाही?
पाद्रीबाबांचं उत्तर मला ठाऊक आहे.
आईचंही.
दोघांची उत्तरं दुसऱ्याच कुठल्या प्रश्नाची आहेत.
म्हणून अजून रडलेले नाही.
कांदा चिरतानासुद्धा खिडकी उघडी ठेवते.

मेराबला सांगितलेलं नाही.
तो वर, मी खाली, मध्ये एक दोर,
आणि दोराला कान नसतात, नुसता ताण असतो.
त्याला वाटतंय मी रुसले.
काल दुपारी रिकामा पाळणा खाली आला.
बाकावर मधाची बरणी,
त्याच्या मफलरमध्ये गुंडाळलेली,
कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना वर्तमानपत्र खोचलेलं.
इतकं जपून.
मी ती उचलली,
आणि तिथेच बाकावर बसून राहिले,
बरणी मांडीवर.

आज पुन्हा आठ माणसं.
दार लावलं. बोट घंटीवर.
तेवढ्यात वरूनच वाजली, दोनदा.
वरून दोनदा म्हणजे काय
हे नियमांत कुठेच नाही.
मी उभी आहे.
आतून एलिसो काचेवर बोटं वाजवतेय,
अगं, पाव गार होतायत.